प्रभूच्या पंगतीतील पंक्तिभेद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदाविषयी आपण या वर्गात पूर्वीही बोललो आहोत. खाणी, पासाचे कायदे, शार्पव्हिलचा गोळीबार, मंडेलांचा तुरुंगवास हे सारे आपल्या परिचयाचे आहे. आज मी त्याच इतिहासाच्या एका वेगळ्या दालनात आपल्याला नेणार आहे. ते दालन म्हणजे तेथील चर्च. विषय जाहीर झाला तेव्हा एका तरुण साथीने मला विचारले, "समाजवाद्यांनी चर्चची भांडणे कशाला अभ्यासायची?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्याचा माझा आज प्रयत्न राहील. एवढेच आधी सांगतो की, गोऱ्यांचे राज्य उभे करणारे आणि ते पाडण्यासाठी लढणारे, या दोहोंतील फार मोठा भाग एकच बायबल वाचत होता. त्यांच्यात फूट कशी पडली आणि समेट कोठवर झाला, हे पाहिले म्हणजे समेट या शब्दाचा आपल्यालाही नव्याने विचार करावा लागतो.

आरंभ एका जेवणापासून करतो. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजन हा मोठा विधी आहे. एका भाकरीचे तुकडे सर्वांनी वाटून खायचे, एका प्याल्यातून प्यायचे आणि आपण एकाच देहाचे अवयव आहोत हे मान्य करायचे, असा त्याचा अर्थ. १६५२ साली डच लोक केपच्या किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांच्यासोबत त्यांचे डच रिफॉर्म्ड चर्चही आले. पुढे गुलाम आणि मूळ रहिवासी यांच्यापैकी काही जण ख्रिस्ती झाले. मग प्रश्न निघाला की, यांनी गोऱ्यांच्या पंगतीला बसायचे काय? १८२९ साली चर्चच्या महासभेने स्वच्छ उत्तर दिले : वर्ण वा कुळ न पाहता सर्वांना एकत्रच प्रभुभोजन दिले जावे. निर्णय चांगला होता, परंतु अनेक गोऱ्या शेतकऱ्यांच्या तो गळी उतरेना. काल जो आपल्या गोठ्यात राबत होता त्याच्या शेजारी गुडघे टेकायचे, हे त्यांना सोसेना.

अखेर १८५७ साली महासभेने माघार घेतली. ठरावाची भाषा मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच इष्ट व शास्त्रसंमत आहे, असे महासभेने पुन्हा मान्य केले. मात्र 'काहींच्या दुर्बलतेमुळे' जेथे यात अडथळा येईल तेथे नवख्रिस्ती लोकांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी, अशी मुभा तिने दिली. तत्त्व शाबूत राहिले आणि व्यवहार मोडला. दुर्बलता होती ती गोऱ्यांची, त्यांच्या द्वेषाची. पण बाहेर जावे लागले ते काळ्यांना.

साथींनो, माझ्या आजच्या भाषणाचा गाभा या एका ठरावात आहे. अन्याय नेहमीच तलवार घेऊन येतो असे नाही. पुष्कळदा तो सवलतीचे रूप घेऊन येतो. "लोकांची अजून तयारी नाही, तूर्त सांभाळून घेऊ," असे म्हणत तो घरात शिरतो. पुढे सवलतीची वहिवाट होते, वहिवाटीचा कायदा होतो आणि शेवटी कायद्याला ईश्वरी आज्ञेचे वस्त्र चढविले जाते. दक्षिण आफ्रिकेत हे टप्पे एकामागून एक पडत गेलेले दिसतात. १८८१ साली मिश्रवंशीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले. काळ्या आफ्रिकनांसाठीची वेगवेगळी मिशन चर्चे १९६३ साली एकत्र करून त्यांचे निराळे चर्च बनविण्यात आले. १९६८ साली भारतीय वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठी आणखी एक चर्च उभे राहिले. एकाच पंथाच्या, एकाच श्रद्धेच्या माणसांची कातडीच्या रंगावरून चार घरे झाली. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली तेव्हा तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे याच चर्चचे पूर्वीचे धर्मोपदेशक होते. मिश्रविवाहबंदीचा कायदा १९४९ साली आला. लोकसंख्येची वंशवार नोंद करणारा आणि प्रत्येक वंशाची वस्ती वेगळी ठरविणारा, असे दोन्ही कायदे १९५० साली झाले. शंभर वर्षांपूर्वी ज्या पंक्तिभेदाला सवलत म्हणून दार उघडले होते, तो आता सबंध राष्ट्राची घटना होऊन बसला. देवानेच राष्ट्रे निरनिराळी निर्माण केली, असा शास्त्रार्थ सांगणारे पंडितही मिळाले. असे पंडित कोणत्याही देशात मिळतातच, हे आपल्या महाराष्ट्राला निराळे सांगायला नको.

परंतु धर्म म्हणजे केवळ सत्ताधाऱ्यांचे हत्यार, असे म्हणून येथेच थांबलो तर तो अर्धा इतिहास होईल. ज्यांना दाराबाहेर काढले त्यांनी तेच पुस्तक उघडले आणि त्यात वेगळे वाचले. १८९२ साली मांगेना मोकोने या काळ्या धर्मोपदेशकाने मेथडिस्ट चर्चमधील भेदभावाला कंटाळून प्रिटोरियात स्वतंत्र इथिओपियन चर्च स्थापन केले. अल्बर्ट लुथुली हे चर्चमध्ये प्रवचने करणारे गृहस्थ. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस सोडा किंवा जमातीचे प्रमुखपद सोडा, असा पेच १९५२ साली सरकारने त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी काँग्रेस सोडली नाही. सरकारने त्यांचे पद काढून घेतले आणि जगाने त्यांना १९६० चे शांततेचे नोबेल पारितोषिक दिले. गोऱ्यांतही माणसे निघाली. सोफियाटाऊनच्या रहिवाशांना त्यांच्या घरांतून उठविले जात असताना ट्रेव्हर हडलस्टन हे इंग्रज पाद्री त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९५७ साली गोऱ्यांच्या वस्तीतील चर्चमध्ये काळ्यांना येण्यास बंदी घालता यावी असे एक कलम सरकारने आणले. अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले : हा कायदा आम्ही पाळू शकत नाही आणि आमच्या लोकांना तो पाळा असे सांगू शकत नाही. पत्रावर सही केल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा वृद्ध आर्चबिशप निवर्तला.

याहून विलक्षण कथा बेयर्स नॉदे यांची आहे. त्यांचे वडील ब्रुडरबॉण्ड या आफ्रिकानर गोऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी होते. बेयर्स स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ तिचे सदस्य होते आणि डच रिफॉर्म्ड चर्चमधील मानाची पदे त्यांच्याकडे होती. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळ्यांनी ६९ माणसे मारली. त्याच वर्षी डिसेंबरात निरनिराळ्या चर्चच्या प्रतिनिधींची कॉट्सलो येथे बैठक झाली. मिश्रविवाहांवर बंदी घालायला बायबलात आधार नाही आणि माणूस जेथे राहतो तेथे जमीन घेण्याचा त्याला हक्क आहे, असे तेथे मान्य झाले. डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींचाही त्याला बहुतांशी पाठिंबा होता. पंतप्रधान व्हेरवूर्ड यांनी नापसंती दाखविताच चर्चच्या महासभांनी आपल्याच प्रतिनिधींना तोंडघशी पाडून ते निवेदन फेटाळले. नॉदे मात्र मागे हटले नाहीत. १९६३ साली त्यांनी सर्व वंशांच्या ख्रिस्ती लोकांसाठी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट काढली आणि माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे सांगून आपल्या मंडळीचा निरोप घेतला. १९७७ साली सरकारने इन्स्टिट्यूट बेकायदा ठरविली. नॉदे यांच्यावर सात वर्षे बंदीहुकूम होता. आपल्या जातीत, आपल्या नात्यागोत्यात गद्दार ठरणे ही शिक्षा किती जड असते, हे आपल्यापैकी ज्यांनी जातिबाह्य विवाह केला असेल त्यांना ठाऊक आहे.

पुढचा टप्पा ऐंशीच्या दशकातला. बहिष्कृत केलेल्या चर्चांनीच आता मूळ चर्चला जाब विचारला. १९८२ साली कॅनडातील ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाची परिषद भरली. तिने वंशभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले, दोन गोऱ्या आफ्रिकानर चर्चांचे सदस्यत्व स्थगित केले आणि मिश्रवंशीयांच्या मिशन चर्चचे अ‍ॅलन बुसाक यांना अध्यक्ष निवडले. त्याच वर्षी या मिशन चर्चने केपटाऊनजवळच्या बेलहार येथे एका विश्वासांगीकाराचा मसुदा केला आणि १९८६ साली तो स्वीकारला. त्याची तीन सूत्रे आहेत : एकता, समेट आणि न्याय. देव हा विशेष अर्थाने वंचितांचा आणि अन्यायग्रस्तांचा देव आहे, अशी त्यात ग्वाही आहे. या तीन सूत्रांतले कोणतेही एक काढले तर उरलेली दोन कोसळतात, असे मला वाटते.

१९८५ साली, आणीबाणीच्या धामधुमीत, 'कैरॉस' नावाचे एक निवेदन प्रसिद्ध झाले. त्यामागे सोवेटोत जमलेले धर्मचिंतक होते. त्यांनी सरकारी धर्मशास्त्रावर टीका केली यात नवल नाही. पण सौम्य, सज्जन चर्चनेत्यांनाही त्यांनी सोडले नाही. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे मागे सरावे, असे म्हणणारा समेट हा खोटा समेट आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्या संघर्षात एक बाजू अन्यायाची आणि दुसरी न्यायाची आहे, तेथे मध्यभागी उभे राहणे म्हणजे अन्यायाला टेकू देणे. न्याय आधी आणि समेट मागाहून, हा क्रम त्यांनी ठासून मांडला.

आता समेटाच्या प्रत्यक्ष प्रसंगांकडे येऊ. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथे देशातील बहुतेक चर्चांची परिषद भरली. डच रिफॉर्म्ड चर्चचे विद्वान विली योंकर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या व आपल्या चर्चच्या वतीने वंशभेदाच्या पापाची कबुली दिली. आर्चबिशप डेस्मंड टुटू लगेच उठले आणि कबुली मनापासून दिली गेली आहे, आम्ही क्षमा करतो, असे म्हणाले. सभागृह हेलावले. पण काही काळे प्रतिनिधी अस्वस्थ झाले. त्यांचा प्रश्न होता : आमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? ज्याची जमीन गेली, ज्याचा मुलगा कोठडीत मेला, त्याला कोणी विचारले?

या प्रश्नाची छाया पुढे सत्य व समेट आयोगावरही पडली. टुटूंच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून देशभर सुनावण्या झाल्या. माता रडल्या, मारेकऱ्यांनी गुन्हे सांगितले. ७,११२ जणांनी माफीसाठी अर्ज केले, त्यांपैकी ८४९ जणांना माफी मिळाली. आयोगाने पीडितांना सहा वर्षे वार्षिक भरपाई द्यावी असे सुचविले होते. सरकारने २००३ साली एकदाच ३०,००० रँड देऊन हिशेब मिटविला. ज्या उद्योगधंद्यांनी वंशभेदाच्या राज्यात नफा कमावला त्यांच्यावर एकवार कर बसवावा, ही सूचनाही बारगळली. अपराध्याला माफी ताबडतोब लागू झाली आणि पीडिताची भरपाई मात्र खजिन्याच्या सोयीवर अवलंबून राहिली.

दक्षिण आफ्रिकेत एक गोष्ट सांगतात. एका मुलाने दुसऱ्याची सायकल चोरली. वर्षभराने तो येऊन म्हणाला, "झाले गेले विसरू, आपण समेट करू." दुसऱ्याने विचारले, "आणि माझी सायकल?" पहिला म्हणाला, "सायकलीचे काय घेऊन बसलास? मी समेटाविषयी बोलतो आहे." गोष्ट एवढीच आहे. बायबलातला जकातदार जक्कय याहून शहाणा होता. पश्चात्ताप झाल्यावर तो नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत, असा हिशेब त्याने मांडला.

२००६ साली एक प्रसंग घडला. वंशभेदी सरकारचे पूर्वीचे पोलीसमंत्री आद्रियान फ्लोक हे फ्रँक चिकाने यांच्या कचेरीत गेले. चिकाने हे धर्मोपदेशक आणि चर्च परिषदेचे पूर्वीचे सरचिटणीस. १९८९ साली त्यांच्या कपड्यांना विष लावून त्यांना मारण्याचा प्रयत्न सरकारी यंत्रणेने केला होता. फ्लोक यांनी खाली बसून त्यांचे पाय धुतले. दुसऱ्या वर्षी न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना स्थगित शिक्षा झाली. मी त्या माणसाच्या पश्चात्तापावर संशय घेत नाही. सत्तरीकडे झुकलेल्या माजी मंत्र्याने आपल्या बळीच्या पायाशी बसणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही मनात येते की, मंत्र्याला चिकाने यांचे पाय सापडले ते चिकाने त्या वेळी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतील मोठे अधिकारी होते म्हणून. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचे पाय कोणी धुवायचे?

आणि ती १८५७ ची पंगत? तिचे काय झाले? १४ एप्रिल १९९४ रोजी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, मिश्रवंशीयांचे मिशन चर्च आणि काळ्यांचे चर्च एक झाले. काही मंडळ्या मात्र त्या एकीकरणापासून अलग राहिल्या आणि मालमत्तेसाठी कोर्टकज्जे झाले. गोऱ्या चर्चने आपल्या चुका मान्य केल्या, नॉदे यांना पुन्हा सन्मानाने बोलावले. पण एकीकरणासाठी बेलहारचा विश्वासांगीकार स्वीकारा, अशी अट आली तेव्हा गाडी अडली. २०११ मध्ये महासभेने अनुकूल कौल दिला, परंतु पुढे प्रांतिक सभांतून आवश्यक तेवढी मते मिळाली नाहीत. वंशभेद पाप आहे, हे म्हणायला सारे तयार, पण एका घरात राहायला नाहीत. येथेही पुन्हा तीच काहींची दुर्बलता आडवी आली.

याचे कारण केवळ मनात शोधून चालणार नाही. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या बहुसंख्याकांसाठी देशाची सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली होती, १९३६ मध्ये ही मर्यादा सुमारे १३ टक्क्यांवर गेली. २०१७ च्या सरकारी पाहणीत, व्यक्तींच्या नावे असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडे असल्याचे आढळले. ज्या वस्त्या कायद्याने वेगळ्या केल्या त्या कायदा गेल्यावरही बहुतांशी वेगळ्याच राहिल्या आणि माणूस आपल्या वस्तीतल्या चर्चमध्येच जातो. दोन वस्त्यांतील माणसांना वर्षातून एकदा एकत्र बसवून भाकर मोडली म्हणून त्यांच्या ताटांतले अंतर मिटत नाही.

टुटूंवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. १९९० ते १९९४ या काळात देश यादवीच्या काठावर होता. सूडाची भाषा बोलली गेली असती तर किती रक्त सांडले असते, याची कल्पनाच केलेली बरी. क्षमेच्या वाणीने लक्षावधी जीव वाचविले असतील. २०२१ साली टुटू गेले. सत्तेत आलेल्या आपल्याच मित्रांच्या भ्रष्टाचारावर आणि गरिबांच्या उपेक्षेवर ते अखेरच्या काळातही बोलत राहिले. क्षमा हा हिशेबाचा शेवट नाही, याची त्यांना जाण होती. क्षमेने हत्याकांड टळले, हे खरे. टळलेल्या हत्याकांडालाच न्याय समजणे ही चूक मागून आलेल्यांची.

आता आपल्या घराकडे वळतो. १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिली तक्रार केली ती भारताने. आपण वंशभेदाविरुद्ध जगात उंच आवाजात बोललो आणि ते योग्यच होते. पण आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजात कातडीचा रंग एकच असूनही पंक्तिभेद राहिला. दलित ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी बाके, वेगळी दफनभूमी, मध्ये भिंत, हे तमिळनाडूत घडले आहे. गोव्यात काही चर्चच्या जुन्या बंधुमंडळांतील मान जातीवरून ठरत आले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. चर्च म्हणते आमच्यात जात नाही, सरकार म्हणते तुमच्या धर्मात जात नाही, आणि माणूस मात्र गावात आपल्या जातीतच जगतो नि जातीतच पुरला जातो.

आणि केवळ ख्रिस्ती समाजाकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हाही त्यांना घाई करू नका असा उपदेश करणारे सज्जन भेटले होतेच. "लोकांची तयारी नाही" हे वाक्य केपटाऊनच्या महासभेत, पंढरपुरात आणि आपल्या पक्षाच्या तालुका बैठकीत एकाच सुरात म्हटले जाते. उमेदवार ठरविताना, कार्यकर्त्याच्या घरी जेवायला जाताना, मुलीचे लग्न ठरविताना आपण ते किती वेळा म्हटले, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

त्या तरुण साथीच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला समेटाचा उपदेश करणे सोपे असते. पहिली जबाबदारी ज्याच्या ताटात जास्त पडले आहे त्याची असते. कोणी समेटाची भाषा बोलू लागला की दोन साधे प्रश्न विचारा. जे घेतले ते परत करणार काय? आणि उद्यापासून एका पंगतीला बसणार काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर त्याचा हात धरा, मग तो पाद्री असो, पुजारी असो की आपला जुना विरोधक असो. आणि कोणाच्या दुर्बलतेची सोय म्हणून तुमच्यापुढे ठराव आला, तर तो किरकोळ आहे असे समजून हात वर करू नका. १८५७ चा ठरावही त्या दिवशी किरकोळच वाटला असेल.